लाखाला कमी

प्राजक्ताची छाटणी आषाढात करू नये. एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढे माहीत असायलाच हवे, आणि होतेही. या झाडाला फूल येते ते त्याच वर्षीच्या कोवळ्या फुटव्यांच्या टोकाला. म्हणून बहर ओसरला, पाने झडू लागली, की माघ-फाल्गुनात कात्री लावायची. मग उन्हाळ्यात नवे फुटवे येतात आणि पावसाळ्यात कळ्या धरतात. तरीही त्या वर्षी मी ऐन आषाढात कोयती हातात घेतली. फांद्या जिन्यात आल्या होत्या. गच्चीवर जाता-येता ओल्या पानांचा फटका तोंडावर बसायचा, आणि प्राजक्ताचे पान म्हणजे कानशीच. रागाच्या भरात सपासप छाटले.

त्याला चार दिवस झाले असतील नसतील, सासूबाईंनी रात्रीच्या जेवणात जाहीर केले की श्रावणापासून त्या प्राजक्ताचा लाख वाहणार.

लाख वाहणे म्हणजे चातुर्मासात देवाला मोजून एक लाख फुले वाहायची. लाखोली. हा शब्द आता शिव्यांपुरताच उरला आहे, पण आमच्या आज्या-पणज्या खरोखरीच लाखोल्या वाहत. कुणी बेलाची, कुणी दूर्वांची, कुणी प्राजक्ताची. सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. नवस वगैरे काही नव्हता. मी विचारले, आत्ताच का? तर म्हणाल्या, "स्वयंपाकाचं तू बघतेस, हात रिकामे राहतात."

मी मनात हिशेब मांडला. श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी एकादशीपर्यंत धरायचे तर शंभरेक दिवस. म्हणजे रोजची हजार फुले. भरात असलेले झाड हजार काय, त्याहून जास्त देते. पण आमचे झाड भरात नव्हते. ते जिन्याशी बोडके उभे होते, आणि त्याला बोडके कुणी केले हे घरात मला एकटीलाच ठाऊक होते. छाटलेल्या फांद्या मीच ओढत नेऊन कोपऱ्यावर टाकल्या होत्या.

झाड माझ्या माहेरचे. वाईला आमच्या वाड्याच्या परसात जुना प्राजक्त होता. थंडीत त्याला चपट्या तपकिरी शेंगा धरायच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बी. साताऱ्यात घर बांधले तेव्हा त्यातल्या दहा-बारा बिया आणून पावसाच्या तोंडावर पिशव्यांत टोचल्या. तीन उगवल्या, एक जगली. पूर्वेच्या कुंपणभिंतीपासून पाच फुटांवर लावली. भरपूर ऊन, निचऱ्याची जमीन, बुंध्याशी पाणी साचू द्यायचे नाही, एवढे सांभाळले की प्राजक्त फारसे लाड मागत नाही. तिसऱ्या वर्षी पहिले फूल आले. शोभेचे झाड म्हणून नर्सरीत विकतात खरे, पण दिवसा बघाल तर शोभा शून्य. चौकोनी काड्या, राठ पाने, अस्ताव्यस्त बांधा. त्याचा सगळा थाट संध्याकाळी सातनंतर सुरू होतो आणि सकाळी सातच्या आत आटोपतो.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सात फुले मिळाली. दुसऱ्या दिवशी चार. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सात तर सात, मोजून वाहिली. आठवडाभराने माझ्याच्याने राहवेना. म्हटले, "आई, चूक माझी आहे. मी आषाढात छाटलं." त्या निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "दिसलं मला. जिन्यात तोंडावर फटका बसायचा ना?"

भाद्रपद अर्धा झाला तेव्हा झाड सावरले. नवे फुटवे वाढून त्यांना कळ्या लागल्या. एके रात्री खिडकीतून वास आला आणि पहाटे पाहते तो अंगण पांढरे. पुढचे पंचावन्न दिवस आमच्या घराने दुसरे काही केले नाही म्हटले तरी चालेल.

रीत अशी होती. पहाटे साडेपाचला मी वेचायचे, कारण सासूबाईंना वाकता येत नव्हते. त्या पायरीवर पाट टाकून बसत आणि कुठे राहिले ते बोटाने दाखवत. पाठ धरल्यावर मी एक दिवस झाडाखाली जुने लुगडे पसरले, तर म्हणाल्या, "पसर, पण पदराची बाजू झाडाकडे नको. त्याच्यापुढं पदर कशाला पसरायचा? न मागता देतंय की." मग परडी त्यांच्यासमोर यायची. पाच-पाच फुलांचे ढीग, वीस ढिगांचे शंभर. शंभर झाली की डाव्या हाताच्या वाटीत गव्हाचा एक दाणा. मोजून होईपर्यंत त्यांच्या बोटांची टोके देठांच्या रंगाने केशरी होत. याच देठांच्या रंगात पूर्वी वस्त्रे रंगवत, भिक्षूंची चीवरेसुद्धा.

मोजायला बसले म्हणजे बघणे आपोआप होते. इतकी वर्षे शिकवूनही जे मी नीट पाहिले नव्हते ते त्या पंचावन्न दिवसांत पाहिले. पाकळ्या सगळ्यांना सारख्या नसतात. पाच असतात, सहा असतात, सात असतात, क्वचित आठ. प्रत्येक पाकळी एका अंगाला मुरडलेली, त्यामुळे फूल भिरभिऱ्यासारखे दिसते आणि पडताना तसेच फिरत येते. बरीचशी तोंडावर पडतात, केशरी दांडी वर. आठ पाकळ्यांचे सापडले की सासूबाई ते बाजूला काढून ठेवत, बाळकृष्णाच्या डोक्यावर चढवायला.

एका सकाळी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी एक फांदी वाकवून त्यांना दाखवली. फूल गळून गेले होते, पण देठाशी हिरवी बारीक वाटी तशीच होती, आणि तिच्यात मोहरीएवढा अंडाशय. म्हटले, "आई, हे बघा. फूल पूर्ण पडतच नाही. रात्री पतंग येतात, परागकण इकडचे तिकडे होतात. पहाटेपर्यंत पाकळ्यांचं काम संपतं. मग झाड पाकळ्या आणि त्यांना चिकटलेले दोन पुंकेसर टाकून देतं, आणि ज्याची शेंग होणार ते मात्र स्वतःपाशी ठेवतं. लोक म्हणतात प्राजक्त सर्वस्व उधळतो. काही नाही. नको ते टाकतो, हवं ते राखतो."

त्यांनी चष्मा वर करून ती हिरवी वाटी निरखून पाहिली. म्हणाल्या, "मग बरंच झालं की. कुणाचं काही अडलं नाही."

मी तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हे. म्हटले, "पण मग हे देवाला देणं कसलं? काम झालेली वस्तू. वापरून झालेलं पातळ कामवालीला द्यावं तसं झालं."

"मी कुठं देते?" त्या म्हणाल्या. "मी वाहते." आणि पुढच्या शंभराचा दाणा वाटीत टाकला.

तेव्हा मला ते नुसते तोंडाला तोंड वाटले. नंतर कित्येक दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिले.

खरे तर माझा प्रश्न काही नवा नव्हता. खाली पडलेले फूल देवाला चालत नाही, ही घरोघरची रीत. प्राजक्त आणि बकुळ त्याला अपवाद. वास घेतलेले फूल चालत नाही, हीसुद्धा रीत. पण रात्रभर पतंगांनी ज्याच्या नळीत सोंडा घातल्या, ते फूल वास न घेतलेले कसे म्हणायचे? हा पेच नामदेवांनी फार पूर्वीच घालून ठेवला आहे. शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत त्यांतल्या एका पदाचा आशयच हा, की पाणी आणावे तर त्यात आधीच जीव राहून गेलेले, फुले आणावीत तर भुंग्याने आधीच हुंगलेली, दूध आणावे तर वासराने आधीच उष्टावलेले. मग विठ्ठलाला वाहायचे काय? त्यांचे उत्तर असे, की जिकडे बघावे तिकडे तोच भरलेला आहे. भुंगाही तोच. मग उष्टे कुणाचे नि कुणाला! नामदेवांसारख्याला हे शोभते. तिथवर पोचलेल्याला परडीची गरज नाही. पण सासूबाई काही तिथवर पोचलेल्या नव्हत्या, मी तर नव्हतेच. आम्हाला पहाटे साडेपाचला उठायचे होते आणि परडी भरायची होती. सगळीकडे तोच असेल तर मग वाहायचे तरी कशाला, हा प्रश्न आमच्या पायरीवर शिल्लकच होता.

दुसरा प्रश्न भिंतीपलीकडचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, झाड पूर्वेच्या भिंतीजवळ, तेव्हा निम्म्या फांद्या शेजारी झुकलेल्या. शेजारच्या भाभी जैन, स्थानकवासी. त्यांच्यात मूर्ती नाही, पूजा नाही, म्हणून फुलेही नाहीत. चातुर्मासात त्यांचे नियम आमच्याहून कडक. हिरवी भाजी बंद, हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. एरवी त्या अंगण झाडून फुले गोळा करत आणि झाडाच्या आळ्यात टाकत. लाखाचे कळल्यावर मात्र रोज सहाच्या सुमाराला सुपलीतून फुले घेऊन दारात उभ्या. "आई, आमच्यात वाहत नाहीत. पण पायाखाली येतील म्हणून उचलते. तुमच्या कामाला येतील."

सासूबाईंनी त्या फुलांसाठी वेगळी वाटी केली. भाभींची शंभर झाली की त्यांच्या वाटीत दाणा. मी म्हटले, झाड आपले, फुले आपली, वेगळा हिशेब कशाला? "वाकली ती ना?" एवढेच उत्तर. ज्या बाईला देवाला फूल वाहणे मान्य नाही, तिच्या नावाने रोज कृष्णाला फुले वाहिली जात होती. भाभींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "पुण्य नको आई, फक्त पाप टळू दे."

आमच्या यजमानांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. ते पायरीवर चहा घेत हे सगळे बघायचे. एक दिवस म्हणाले, "या झाडाचा सातबारा काढायला पाहिजे. सात आपल्या नावावर, बारा भाभींच्या." ज्यांना जमिनीचे कागद माहीत आहेत त्यांना हे लगेच कळेल. नमुना सात म्हणजे मालकी, नमुना बारा म्हणजे पीक. सत्यभामेची सगळी गोष्ट त्यांनी एका ओळीत बसवली होती. तिने हट्टाने स्वर्गातले झाड अंगणात आणवले आणि फुले पडू लागली रुक्मिणीच्या अंगणात. कीर्तनकार ही गोष्ट सांगताना सत्यभामेची फजिती रंगवतात. मला मात्र आता वाटते, तिची चूक हेव्यात नव्हती. सात आपल्या नावावर झाला की बाराही आपोआप होतो, असे तिने धरून चालले, ती तिची चूक. झाडाला यातले काही माहीत नसते. ते फांदी जाईल तिथे आणि वारा नेईल तिथे टाकते.

आपण मात्र प्रत्येक जण त्याच्यावर आपली गोष्ट लादतो. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या झाडाला दुःखी झाड म्हटले आहे, आणि इथे ऐकलेली कथाही दिली आहे: एका राजाची मुलगी सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकले, तिने जीव दिला, आणि तिच्या चितेच्या राखेतून हे झाड आले; म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड बघत नाहीत. १७५३ मध्ये लिनिअसने शास्त्रीय नाव दिले, निक्टँथस आर्बोर-ट्रिस्टिस. रात्री फुलणारे, दुःखी झाड. मी वर्षानुवर्षे ते नाव फळ्यावर लिहिले. कुणी त्याला दुःखी केले, कुणी त्यागी केले, कुणी सवतींच्या भांडणात ओढले. आणि मी, शास्त्राची बाई, मी त्याला हिशेबी केले: नको ते टाकतो, हवे ते राखतो. तीही एक गोष्टच. पाकळी झाडाला कालपर्यंत हवी होती, आज नको आहे. यात दुःख नाही, त्याग नाही, कंजूषपणाही नाही.

कार्तिकी एकादशी आली. बहर आठ दिवस आधीच उतरला होता. सासूबाईंनी दाणे मोजले. आमच्या वाटीत सहाशे चौदा, भाभींच्या वाटीत अडतीस. पासष्ट हजार दोनशे फुले. लाखाला चौतीस हजार आठशे कमी. एवढे सगळे गहू एका मुठीत मावत होते. लाख पुरा झाला असता तरी हजारच दाणे. तेही मुठीतच मावले असते.

द्वादशीला उद्यापनाला गुरुजी आले. त्यांना कमी-जास्तीची सवय असते. म्हणाले, "काळजी करू नका आजी. उरलेल्यांच्या बदली चांदीचं एक फूल वाहू, किंवा अक्षता वाहू. संकल्प पूर्ण झाला असं धरता येतं." मी लगेच म्हटले, चांदीचे फूल मी आणते. छाटणीचे ओझे डोक्यावरून उतरवायची ती चांगली संधी होती.

सासूबाई नको म्हणाल्या. "कमी आहे ते कमीच राहू दे."

"पण आजी, संकल्प लाखाचा होता," गुरुजी म्हणाले.

"देवाला मोजता येतं ना? मग त्याला कळेल."

गुरुजी हसले आणि आचमनाला पाणी दिले. उणे-अधिक काय झाले असेल त्याची क्षमा मागायची सोय पूजेच्या शेवटी असतेच, तेवढ्यावर भागले. दोन्ही वाट्यांतले गहू खिरीत गेले. खीर भाभींकडेही गेली, दिवस असतानाच, कारण त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत.

त्या रात्री भांडी आवरताना मला "मी वाहते" हे वाक्य पुन्हा आठवले, आणि पहिल्यांदाच नीट ऐकू आले. आपण मराठीत देवाला फूल देत नाही. दान देतो, भिक्षा देतो, देणगी देतो. फूल मात्र वाहतो. नदी वाहते ते हेच वाहणे. हमाल ओझे वाहतो तेही. आई काळजी वाहते. शेतकरी जमीन वाहतो. यांतल्या कुठल्याच वाहण्यात वस्तू आपली असावी लागत नाही. हमालाचे पोते हमालाचे नसते, नदीचे पाणी नदीचे नसते. देणाऱ्याला आधी मालक व्हावे लागते. वाहणाऱ्याला नुसते मध्ये उभे राहावे लागते, इथून घेऊन तिथे ठेवायला. मी झाड लावले होते, म्हणून मला फुले माझी वाटत होती, म्हणूनच ती उष्टी आहेत की टाकाऊ, पुरेशी आहेत की कमी, याची लाज मला वाटत होती. चांदीचे फूल मला सुचले तेही त्यामुळेच. चांदीचे फूल देता येते. ते वाहायला फुलासारखे हलके नसते.

नामदेवांच्या प्रश्नालाही, आमच्या पायरीपुरते, उत्तर यात असावे. सगळीकडे तोच असेल तर फूल त्याच्याकडून त्याच्याचकडे जाते, खरे. पण मधल्या दहा पावलांत कुणीतरी पहाटे उठते, वाकते, पाकळ्या मोजते, शेजारणीचा वेगळा दाणा टाकते. देवाला यातून काही मिळत असेल असे मला वाटत नाही. त्या दहा पावलांत माणसाचे काय होते, तेवढे मात्र मी पंचावन्न दिवस समोर बसून पाहिले आहे.

निर्माल्य आम्ही नदीत सोडले नाही. बुंध्यापासून हातभर लांब गोल चर काढला आणि रोजची आदल्या दिवशीची फुले त्यात टाकत गेलो. दुपारपर्यंत ती लोळागोळा व्हायची, चार दिवसांत काळी, महिन्याने माती. पुढच्या माघात मी वेळेवर छाटणी केली, जिन्यातली फांदी सोडून. ती सासूबाईंनी ठेवायला सांगितली.

आता त्या, त्यांच्याच भाषेत, 'नव्वदीला चार कमी' आहेत. पायरीपर्यंतही येत नाहीत, खिडकीत बसतात. लाख पुन्हा केला नाही. मी सकाळी ओंजळभर फुले वेचते, न मोजता वाहते, बाकीची झाडाच्या आळ्यात लोटते. काल आत आले तर त्यांनी विचारले, "आज किती पडली?"

"असतील हजारभर," मी सवयीने म्हटले.

"असतील काय? मोजून सांग."

मी परत गेले, पाट घेतला, पाच-पाचचे ढीग घातले. अर्धा तास गेला. बोटे केशरी झाली. आत येऊन सांगितले, "नऊशे बारा."

त्यांनी जरा विचार केला.

"भाभींकडची धरून?"